पान चारशे तेरापासून

सांगू की नको, यावर मी तीन आठवडे विचार केला. बाजूची आणि विरोधाची कारणे दोन रकान्यांत लिहून काढली. विरोधाची अकरा भरली. बाजूचे एकच निघाले: माझी मैत्रीण तन्वी सगळ्यांना सांगणारच आहे, आणि ती वाढवून सांगेल. तेव्हा मीच सांगते, आणि शक्य तितके अचूक सांगते. चहा घ्या. फक्त घोट तोंडात असताना ऐकू नका. मागच्या वेळी तन्वीने माझ्या पांढऱ्या कुर्त्याचे कायमचे नुकसान केले आहे.

तर मला सांगा, माणूस किती काळजीपूर्वक मूर्खपणा करू शकतो? म्हणजे पूर्वतयारी करून, टिपणे काढून, तळटिपा देऊन? आणि तोही सलग अकरा वर्षे?

करू शकतो. पुरावा तुमच्यासमोर बसला आहे.

मी बारा वर्षांची होते आणि आम्ही तेव्हाही भांडुपलाच राहत होतो. घरात आई-बाबा दिवसभर नोकरीवर, म्हणून सुट्टीत माझा ताबा आजोबांकडे. आजोबा मूळचे मालवणकडचे, शिक्षण चौथीपर्यंत. गिरणीत वीस वर्षे पॅकिंग खात्यात होते; कापडाच्या ताग्यांवरचे नंबर बघायचे आणि तागे क्रमाने लावायचे, हे त्यांचे काम. (ही माहिती कृपया लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी परबकाकांची लायब्ररी होती. एक गाळा, एक पंखा, आणि छतापर्यंत पुस्तके. काकांकडे पुस्तक आले की ते आधी बाइंडरकडे जायचे. तिथे त्याचे मुखपृष्ठ, पहिली दोन-चार पाने, मागची जाहिरात, असे सगळे 'फालतू' काढून टाकले जायचे आणि वर चॉकलेटी रेक्झिन चढायचे. कण्यावर पांढऱ्या रंगात नंबर. त्यामुळे पाककृती, भयकथा आणि संतचरित्र एकाच गणवेशात उभी असायची.

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला 'अजून गोष्टीचीच पुस्तकं वाचतेस?' असे विचारले होते. हा अपमान मी वहीत नोंदवून ठेवला होता. सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांचे बोट धरून मी लायब्ररीत गेले आणि जाहीर केले, "काका, आज बालविभाग नको."

"मगे काय होया तुका?" परबकाका चष्म्यावरून बघत म्हणाले.

"तुमच्याकडचे सगळ्यात अवघड पुस्तक."

काकांनी आजोबांकडे पाहिले. आजोबा छाती फुगवून म्हणाले, "दी रे तिका! पेपराचो अग्रलेख वाचता ता!"

काका स्टुलावर चढले, सगळ्यात वरच्या फळीवरून एक ठोकळा काढला, त्यावरची धूळ आजोबांच्या अंगावर झटकली आणि तो माझ्या हातात ठेवला. माझे दोन्ही हात खाली गेले.

"रशियन आसा. मराठीत केलेली. पण ऐक गो बाय, सुरवातीक काय एक समजूचा नाय. जो नेता तो दोन दिसांत परत आणून टाकता. म्हणतत, कोण कोणाचो तोच समजणा नाय."

"मी नाही परत आणणार," मी म्हणाले.

ही माझ्या आयुष्यातली पहिली शैक्षणिक घोषणा. तिने काय केले ते पुढे येईलच.

घरी येऊन मी पेन्सिल, पट्टी, वही असा जामानिमा मांडला आणि पुस्तक उघडले. पान क्रमांक चारशे तेरा.

आता तुम्ही म्हणाल, सामान्य मुलीला इथे शंका आली असती. मलाही आली! मी निष्काळजी नव्हते हो! मी बोट ठेवून पुढचे पान पाहिले. चारशे चौदा. त्यापुढचे, चारशे पंधरा. क्रम अगदी बरोबर. मग मी तर्काने विचार केला. साधी पुस्तके पान एकपासून सुरू होतात. हे पुस्तक अवघड आहे, असे खुद्द परबकाका म्हणाले आहेत. ज्याअर्थी ते चारशे तेरापासून सुरू होते, त्याअर्थी ते साध्या पुस्तकांपेक्षा चारशे बारा पानांनी अवघड असणार.

पहिले वाक्य होते: 'त्यानंतर कर्नलच्या अंत्ययात्रेला कोणीच गेले नाही.'

कशानंतर? कोण कर्नल? काही पत्ता नाही. मी थरारून गेले! याला म्हणतात अभिजात! लेखक तुम्हाला ओळखसुद्धा करून देत नाही, थेट प्रेतच पुढ्यात आणून ठेवतो!

मी रोज चाळीस पाने वाचू लागले. एकेका माणसाला तीन-तीन नावे. मी तक्ता केला. दुपारी डोळे मिटायला लागले की पुस्तक छातीवर ठेवून तासभर झोपायचे, उठून पुन्हा वाचायचे. आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दार किलकिले करून मला दाखवायचे. "गप ऱ्हवा. ता रशियन वाचता हा." गॅसवालाही एकदा दोन मिनिटे आदराने उभा राहून गेला.

आणि मग पुस्तकाच्या बरोबर मध्यावर, पान आठशे वीसच्या तळाशी, मोठ्या अक्षरांत छापले होते: 'समाप्त'.

पुढे अजून अर्धे पुस्तक शिल्लक! मी पान उलटले. पान क्रमांक एक.

माझ्या अंगावर काटा आला. मी वहीत लिहिले (वही अजून आहे, खोटे सांगत नाही): 'लेखकाच्या मते समाप्त म्हणजे समाप्त नव्हे. हे प्रतीक असावे.'

तिथून पुढे तर चमत्कारांची रांगच लागली. टिपण सतरा: 'कर्नल मेला आहे (पृ. ४१३). कर्नल स्टेशनवर उतरून सूप मागतो (पृ. ९). हे प्रतीक असावे.' टिपण बावीस: 'वार्वारा आत्याला एकही दात नाही (पृ. ५०२). वार्वारा सतरा वर्षांची होऊन दातांनी अक्रोड फोडते (पृ. ४०). दातांचे पुनरागमन. हे प्रतीक असावे.' टिपण एकतीस: 'घर जळून राख झाले (पृ. ८१२). सगळे त्याच घरात चहा पीत बसले आहेत (पृ. ३). कोणालाच आश्चर्य वाटत नाही. हे नक्कीच प्रतीक असावे.'

पुस्तक संपले ते पान चारशे बारावर. शेवटचे वाक्य: 'दाराबाहेर कोण आहे हे न विचारताच कर्नलने कडी काढली.' बस! पुढे रेक्झिन. मी पुस्तक मिटले आणि रडले. इतका सुंदर, इतका मोकळा शेवट! मी ते सगळे पुन्हा एकदा वाचले. त्याच क्रमाने.

इथवर या मूर्खपणात फक्त मी होते. पण जून महिन्यात शाळा उघडली आणि बाईंनी विचारले, "सुट्टीत कोणी काय वाचलं?"

मी उभी राहिले आणि परबकाकांच्या रजिस्टरातून उतरवून घेतलेले नाव सांगितले. बाईंच्या हातातला खडू थांबला. "पूर्ण?"

"दोनदा, बाई. त्यातला काळ उलटा वाहतो. मेलेली माणसे जिवंत होत जातात."

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. मग हळूच मान डोलवून वर्गाला म्हणाल्या, "बरोबर आहे. अगदी बरोबर. मोठ्या साहित्याचं हेच तर वैशिष्ट्य!"

झाले! शिक्कामोर्तब! त्यानंतर मी तो मुद्दा कुठे कुठे मांडला? आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा, प्रथम क्रमांक. मुलुंडच्या महाविद्यालयात गेल्यावर निबंधस्पर्धा, 'उलट्या काळाची कादंबरी', प्रथम क्रमांक. त्या स्पर्धेचे एक परीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही कादंबरी मी तरुणपणी वाचली, तेव्हा मलाही अगदी हेच जाणवलं होतं." बघा! अगदी हेच! अकरा वर्षांत मला एकही माणूस असा भेटला नाही, ज्याने ती कादंबरी वाचली नव्हती. सगळ्यांनी वाचली होती, आणि सगळ्यांना मान्य होते.

एम.ए. झाले आणि पीएच.डी.ची जाहिरात आली. घाटकोपरच्या एका महाविद्यालयातले संशोधन केंद्र, मार्गदर्शक कर्णिक मॅडम, आणि त्यांच्याकडे जागा फक्त एक. मला दुसरीकडे कुठेही जायचे नव्हते. घरात ठरले होते की यंदा जागा मिळाली तर शिकायचे, नाहीतर बाबांच्या मित्राच्या ऑफिसात चिकटायचे. मी चौदा पानांचा प्रस्ताव लिहिला: 'अभिजात कादंबरीतील व्युत्क्रमी कालरचना'. आधार, माझी बाराव्या वर्षीची वही.

तन्वी माझी वर्गमैत्रीण. ती मुलुंडची, घाईची आणि स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "अगं, पण ते पुस्तक एकदा परत वाच ना! बारा वर्षांची होतीस तू!"

"मिळत नाही. छपाई बंद आहे. आणि परबकाकांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरे विकतात."

"मग इंग्लिशमध्ये वाच!"

"पाहिले मी इंग्रजी." आणि इथे, मंडळी, माझा आवाज खाली आला, कारण मला एक मोठा शोध लागला होता. "तन्वी, इंग्रजी भाषांतरकाराने घोटाळा केला आहे. त्याने सुरुवात चहापासून केली आहे! कर्नल आधी जिवंत, मग मृत! सगळा क्रम सरळ करून टाकला!"

तन्वीने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "अनुजा, तुला असं नाही वाटत की कदाचित…"

"वाटते ना! तो घाबरला. वाचकाला झेपणार नाही असे त्याला वाटले. मी तळटीप दिली आहे."

"वाट लागली यार," तन्वी म्हणाली. मला वाटले, ती इंग्रजी भाषांतरकाराबद्दल बोलते आहे.

मुलाखतीच्या दिवशी टेबलापलीकडे दोघे होते. कर्णिक मॅडम, आणि बाहेरून आलेले एक वृद्ध सर: पांढरा झब्बा, जाड भिंगांचा चष्मा, समोर माझा प्रस्ताव. त्याच्या पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मला भरून आले. कोणी इतके बारकाईने वाचले होते का कधी?

कर्णिक मॅडम प्रसन्नपणे म्हणाल्या, "विषय धाडसी आहे. सर, विचारा तुम्ही."

सरांनी चष्मा पुसला. "ही कादंबरी तुम्ही मराठीतून वाचलीत?"

"हो सर. दोनदा."

"पूर्ण?"

"आठशे वीस पाने, सर."

"अरे वा!" ते पुढे सरकले. त्यांचा आवाज किंचित कापत होता, ते मला तेव्हा कळले नाही. "शेवट आठवतो?"

"न विसरता येण्यासारखा आहे, सर. 'दाराबाहेर कोण आहे हे न विचारताच कर्नलने कडी काढली.' तिथे लेखक थांबतो. माझ्या मते, दाराबाहेर वाचक उभा आहे."

"दाराबाहेर," सर अतिशय प्रेमाने म्हणाले, "मारेकरी उभा आहे, बाळ."

मी नम्रपणे हसले. "तोही एक अन्वयार्थ होऊ शकतो, सर."

"अन्वयार्थ नाही. पुढच्या पानावर त्याची अंत्ययात्रा आहे."

"पुढचे पान नाही, सर. तिथे कादंबरी संपते."

"मग चारशे तेराव्या पानावर काय आहे?"

"ती सुरुवात आहे, सर."

सरांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि अगदी सावकाश विचारले, "तुम्ही पुस्तक आणलंत कुठून?"

मी सांगितले. लायब्ररी. बाइंडर. चॉकलेटी रेक्झिन. सांगता सांगता माझ्याच कानांना काहीतरी ऐकू येऊ लागले. 'त्यानंतर कर्नलच्या अंत्ययात्रेला कोणीच गेले नाही.' त्यानंतर. कशानंतर? कडी काढल्यानंतर! अकरा वर्षे मी त्या 'त्यानंतर'कडे बघत होते!

"त्याचे दोन भाग होते," सर म्हणाले. "पहिला आणि दुसरा. तुमच्या बाइंडरने दुसरा आधी शिवला."

खुर्चीत बसल्या बसल्या मला दिसायला लागले: वार्वारा आत्याचे सगळे दात पडत गेले, घर जळून राख झाले, आणि त्या राखेत माझी चौदा पाने, दोन प्रथम क्रमांक आणि घाटकोपरची एकमेव जागा.

"सर," मी म्हणाले, "आपल्याला खात्री आहे का?" आता ही सवय. मी शेवटच्या क्षणीही संदर्भ मागते.

"आहे थोडी," ते म्हणाले. "भाषांतर मी केलंय."

भाषांतरकाराचे नाव असलेले पान बाइंडरने 'फालतू' म्हणून फाडले होते, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

माझ्या डोक्यात फक्त तळटीप क्रमांक नऊ घुमत होती: 'इंग्रजी भाषांतरकाराच्या तुलनेत मराठी भाषांतरकाराचे धैर्य थक्क करणारे आहे.' सरांनी नेमके तेच पान वर काढले होते. त्याखाली पेन्सिलीने दोन रेघा होत्या.

मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग चष्मा उतरला, मग डोळ्यांतून पाणी. "मॅडम," ते कर्णिक मॅडमकडे वळले, "तुम्हाला हे काही वावगं नाही वाटलं?"

मॅडम एकदम कागद जुळवू लागल्या. "मी… म्हणजे… कॉलेजात असताना बरीचशी वाचली होती, सर."

"कोणत्या पानापर्यंत?"

"सर, आपण उमेदवाराची मुलाखत घेत आहोत."

मी उठायच्या बेतात होते. "माफ करा, सर. मी प्रस्ताव मागे घेते."

"बसा खाली!" सर इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरचा शिपाई डोकावला. "तीन वर्षं मी ते भाषांतर करत होतो. माझ्या सख्ख्या भावाने साठाव्या पानावर सोडलं. बायकोने प्रुफं तपासली, ती म्हणते, अक्षरं वाचली, गोष्ट नाही वाचली. जो भेटतो तो 'वाचलंय, वाचलंय' म्हणतो आणि विषय बदलतो. सगळी आठशे वीस पानं वाचलेला माणूस मला आज पहिल्यांदा भेटतोय. उलटी तर उलटी! उलटी असून सोडली नाही, मॅडम! दोनदा वाचली!"

कर्णिक मॅडमनी प्रस्तावावर काट मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विषय बदला. जागा तुमची."

निघताना सरांनी पिशवीतून आपल्या खासगी प्रती काढून दिल्या. दोन वेगळे भाग. खिशातली पेन्सिल काढून एकावर मोठ्ठा '१' लिहिला, दुसऱ्यावर '२'. "आधी हा," ते म्हणाले. "मग हा." मी मान डोलावली. तरी त्यांनी पुन्हा सांगितले.

घरी आले तर आजोबा खुर्चीत पेपर घेऊन बसलेले. ऐंशी उलटली आहेत, पण पेपर अजून कोपऱ्यातल्या तारखेपासून वाचतात. मी जागा मिळाल्याचे सांगितले, पाया पडले, आणि मग सगळी हकीकत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मी मारेकऱ्यापाशी आले तेव्हा ते म्हणाले, "तो स्टेपान. घोडेवालो. त्याना मारल्यान कर्नलाक."

"आजोबा, तुम्हाला कसे माहीत?"

"कसा म्हंजे? वाचलंय मां मियां ता पुस्तक. तू दुपारची निजायचंस तेव्हा, तुझ्या छातयेवरसून काढून घेयचंय."

"सगळे?"

"सगळा. बरा होता. त्या वार्वाराचा वायट वाटला माका. चांगले दात होते तिचे."

"आणि… तुम्ही कुठून सुरू केलेत?"

आजोबांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी विचारले होते की जेवताना घास कुठे घालायचा.

"पान एक मदी होता. थंयसून सुरू केलंय. शेवटाक गेलंय, मगे फिरान पयल्यांदा इलंय. नंबर घातलेले आसत ते कित्याक?"

"मग मला का नाही हो सांगितलेत? अकरा वर्षे!"

"काय सांगूचा? तू वही, पट्टी, पेन्सिल घेऊन बसलंलंस. माका वाटला, शिकलेली माणसां अशीच वाचत आसतली."

त्या संध्याकाळी मी पहिला भाग घेऊन खिडकीशी बसले. नवी वही घेतली नाही. पुस्तक उघडले आणि मागून आवाज आला.

"नंबर बघितलंस?"

"बघितला, आजोबा. एक आहे."

"बरां. आता दोन येतलो. नाय इलो तर माका हाक मार."

दोन आला. हाक मारावी लागली नाही. कारण चार येईपर्यंत ते माझ्या मागेच उभे होते.